पोलंडच्या निवडणुकीचा नकाशा कसा वाचायचा: व्रोत्सवाफच्या स्वयंपाकघरात शिकलेली पद्धत

रविवार, १ जून २०२५. रात्रीचे नऊ वाजले, राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीचं मतदान संपलं आणि आमच्या घरमालकीण आजींच्या टीव्हीवर पहिला एक्झिट पोल झळकला: रफाऊ त्शास्कोव्स्की ५०.३, कारोल नाव्रोत्स्की ४९.७. आजींच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, त्शास्कोव्स्कींनी तर व्यासपीठावरून विजयही जाहीर केला. आजी मात्र पियेरोगीचं ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "मतं अजून मोजायची आहेत." अकरा वाजता आकडे उलटले. सकाळी अंतिम निकाल आला तेव्हा नाव्रोत्स्कींना ५०.८९ टक्के आणि त्शास्कोव्स्कींना ४९.११ टक्के मतं होती. सुमारे दोन कोटी मतांमध्ये फरक ३ लाख ७० हजारांच्या आतला.

त्या दिवशी दुपारी ऑफिसातल्या एका मराठी मित्राने मला पोलंडचा निळा-नारिंगी नकाशा पाठवला आणि विचारलं, "हे मधोमध कुणी फाडल्यासारखं का दिसतंय?" त्याला उत्तर लिहायला बसले ते वाढत वाढत इतकं झालं. मी मूळची कोल्हापूरची, गेली काही वर्षं व्रोत्सवाफमध्ये एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. इथली नागरिक नाही, त्यामुळे मत नाही. पण निकालाचे तक्ते उघडून नकाशे रंगवण्याचा नाद लागला आहे, आणि त्यात केलेल्या चुकांतून जे कळलं ते इथे सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करा

पोलंडमध्ये राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते. देशभरातली मतं एकाच ढिगात पडतात. अमेरिकेसारखी राज्यवार प्रतिनिधींची भानगड नाही, आणि आपल्या राष्ट्रपती निवडणुकीसारखं आमदाराच्या मताचं राज्यागणिक वेगळं मूल्यही नाही. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी दुसरी फेरी होते.

म्हणजे "अमुक प्रांत जिंकला" या वाक्याला इथे कायद्याने काहीच किंमत नाही. २०२० साली त्शास्कोव्स्कींनी १६ पैकी १० प्रांतांत आघाडी घेतली आणि तरीही ते हरले. आंद्जेय दुदांना ५१.०३ टक्के मिळाले. नकाशावर नारिंगी जास्त दिसत असेल तर त्याचा अर्थ नारिंगी जिंकला असा होत नाही, आणि निळ्याचंही तसंच. नारिंगी हा 'नागरी मंच' आणि त्याच्या मित्रांचा रंग, शहरी, उदारमतवादी, युरोपकडे तोंड असलेला. त्शास्कोव्स्की याच पक्षाचे. गडद निळा 'कायदा आणि न्याय' पक्षाचा, ज्याला इथे सगळे नुसतं 'पिस' म्हणतात: परंपरा, चर्च, राष्ट्र आणि कुटुंबांना सरकारी मदत. दुदा त्याच पक्षातून आलेले. नाव्रोत्स्की अपक्ष होते, पण पाठिंबा पिसचा.

प्रांत सोडा, ग्मिना धरा

पोलंडमध्ये १६ प्रांत, ३८० पोव्यात आणि जवळपास अडीच हजार ग्मिना आहेत. पोव्यात म्हणजे साधारण आपला तालुका समजा. ग्मिना त्याहून लहान, पण ग्रामपंचायतीपेक्षा मोठी: एखादं बाजाराचं गाव आणि भोवतालच्या दहावीस वाड्या. नकाशा नेहमी ग्मिनाच्या पातळीवर रंगवा. प्रांताचा नकाशा इतका जाड असतो की त्यात खरी रेघ दिसतच नाही. शिवाय आजचे १६ प्रांत १ जानेवारी १९९९ पासूनचे. त्याआधी ४९ होते. त्यामुळे १९९५ आणि २०२५ ची तुलना प्रांतांवरून करायला गेलात तर आंब्याची तुलना पाटीशी होईल.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचं वेगळं पान असतं आणि तिथे ग्मिनावार तक्ते फुकट उतरवून घेता येतात. दुसऱ्या फेरीचा तक्ता घ्या. पहिल्या फेरीत उमेदवार खूप असतात. २०२५ मध्ये एकट्या स्वावोमिर मेन्त्सेन यांनी १४.८१ टक्के घेतले, त्यामुळे चित्र गढूळ होतं. दुसऱ्या फेरीत फक्त दोघे, म्हणून रेघ स्वच्छ. पहिल्या फेरीकडे नंतर परत या.

तक्त्यात तुम्हाला लागतील फक्त पाच रकाने: ग्मिनाचा सांकेतिक क्रमांक, मतदार यादीतली संख्या, वैध मतं आणि दोन उमेदवारांची मतं. टक्केवारी स्वतः काढा. भागाकार वैध मतांनी करायचा, दिलेल्या मतपत्रिकांनी नाही.

आता माझी पहिली मोठी चूक. नकाशा रंगवण्यासाठी क्यूजीआयएस ही फुकटची प्रणाली वापरते, त्यात सीमांची फाइल आणि निकालाचा तक्ता सांकेतिक क्रमांकावरून जोडायचा असतो. पहिल्यांदा जोडला तेव्हा पश्चिम आणि मध्य पोलंडचा मोठा भाग आणि पूर्वेचा एक तुकडा कोरा. व्रोत्सवाफसुद्धा गायब! दोन संध्याकाळी गेल्या. कारण निघालं साधं. या क्रमांकाचे पहिले दोन अंक प्रांताचे असतात आणि ते सगळे सम असतात: ०२, ०४, ०६, ०८, मग १०, १२ असे ३२ पर्यंत. तक्ता उघडताना संगणकाने क्रमांकाला आकडा समजून पुढचं शून्य खाऊन टाकलं होतं. त्यामुळे पहिले चार प्रांत, म्हणजे लोअर सिलेशिया, कुयावी-पोमेरेनिया, लुब्लिन आणि लुबुश, जुळलेच नाहीत. तेव्हा तो रकाना 'मजकूर' म्हणूनच उघडा. दुसरं, सीमांच्या फाइलमधला क्रमांक बहुतेकदा सात अंकी असतो आणि निकालातला सहा अंकी. शेवटचा अंक ग्मिना शहरी की ग्रामीण ते सांगतो, तो कापून टाका. तिसरं, वॉर्सा एक ग्मिना असली तरी निकालात तिचे १८ विभाग वेगवेगळ्या ओळींत येतात, ते बेरजेने एकत्र करा. आणि परदेशातली व जहाजांवरची मतं यांच्या ओळी नकाशावर कुठेच बसत नाहीत. त्या बाजूला काढून ठेवा, टाकू नका.

रंग देताना 'कोण जिंकलं' असे दोनच रंग देऊ नका. ५०.२ टक्क्यांची ग्मिना आणि ९० टक्क्यांची ग्मिना एकाच निळ्यात बुडली तर माणसांची गोष्टच पुसली जाते. मी दोन्ही बाजूंना पाच-पाच छटा ठेवते: ५५ पर्यंत, ६० पर्यंत, ७० पर्यंत, ८० पर्यंत आणि त्यापुढे. त्यापुढच्या छटेत कोण येतं ते पाहण्यासारखं असतं. लुब्लिन प्रांतातल्या गोजिशूफ ग्मिनात २०२० साली दुदांना ९० टक्क्यांहून जास्त मतं पडली होती.

मग दुसरा नकाशा करा, वर्तुळांचा: जितकी मतं तितकं मोठं वर्तुळ. रंगाच्या नकाशावर वॉर्सा म्हणजे निळ्या पटावरचा एक ठिपका, पण तिथे दहा लाखांहून जास्त लोक मत देतात. जंगलं आणि शेतं मत देत नाहीत. हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय मी कुणाशीही बोलत नाही.

आता रेघा ओढा. एक नाही, दोन.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड गिळला. १२३ वर्षं पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, तो १९१८ मध्ये परत आला. ही गोष्ट इथल्या शाळेतल्या पोराला झोपेतही येते. म्हणून निवडणुकीचा नकाशा दिसला की जो तो १९१४ ची साम्राज्यांची सीमा त्यावर ठेवतो आणि म्हणतो, बघा, कैसरचा जर्मनी नारिंगी, झारचा रशिया आणि व्हिएन्नाची गालिशिया, म्हणजे ऑस्ट्रियाकडे गेलेला आग्नेयेचा मुलूख, निळी! रेघ इतकी जुळते की अंगावर काटा येतो. मीही पहिल्या वर्षी हेच सांगत फिरत होते.

आजींनी मला थांबवलं. म्हणाल्या, "माझे आईवडील प्रशियाचे नव्हते. मीही नाही. या इमारतीत १९४५ च्या आधी एकही पोलिश माणूस राहत नव्हता."

व्रोत्सवाफ तेव्हा ब्रेस्लाउ होतं, जर्मन शहर. युद्ध संपल्यावर पोलंडची चौकट उचलून पश्चिमेकडे सरकवली गेली. पूर्वेचा मुलूख, ज्याला पोलिश लोक 'क्रेसी' म्हणतात, सोव्हिएत संघाकडे गेला: ल्वूव (आज युक्रेनमधलं ल्विव्ह), विल्नो (आज लिथुआनियातलं विल्नियस) आणि मधली असंख्य गावं. त्याबदल्यात सिलेशिया, पोमेरेनिया आणि मझुरी पोलंडला मिळाले. तिथले जर्मन घालवले गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत क्रेसीतून आलेले, मध्य पोलंडमधून आलेले, कुठून कुठून आलेले लोक राहायला लागले. आजी ल्वूवमध्ये जन्मल्या आणि तीन वर्षांच्या असताना मालगाडीच्या डब्यातून इथे आल्या. सोबत एक शिवणयंत्र होतं, ते अजून स्वयंपाकघरात खिडकीखाली आहे. ल्वूवच्या ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही भागही असाच उठून आला. रात्स्वावित्सेच्या लढाईचं ११४ मीटर लांबीचं गोलाकार चित्रही आलं, गुंडाळ्या करून. ते १९८५ पासून व्रोत्सवाफमध्ये लोकांना बघायला मिळतं.

म्हणून दुसरी रेघ १९३७ ची ओढा: युद्धाआधीच्या जर्मनीची पूर्व सीमा. आता पश्चिम पोलंडचे दोन तुकडे होतील. पोझनानच्या भोवतालचा विएल्कोपोल्स्का प्रशियाकडे होता, पण तिथले लोक पिढ्यान् पिढ्या तिथलेच. जर्मनीकरणाला त्यांनी सहकारी पतपेढ्या आणि शेतकी मंडळं काढून तोंड दिलं, व्झेश्न्याच्या शाळेत १९०१ साली मुलांनी जर्मनमधून प्रार्थना म्हणायला नकार देऊन मार खाल्ला. त्याच्या पलीकडे लोअर सिलेशिया आणि पश्चिम पोमेरेनिया: इथे सगळे नवे. शेजारी दुसऱ्या गावचा, पुजारी तिसऱ्याच गावचा, आणि शेती सरकारी. कितीतरी वर्षं लोकांना वाटायचं, जर्मन परत येतील आणि आपल्याला उठवतील. आजींच्या आईने म्हणे दहा वर्षं ट्रंका पूर्ण उघडल्याच नाहीत.

दोन्ही तुकडे निवडणुकीत नारिंगी दिसतात, पण त्यांची कारणं वेगळी. एकाच रेघेने दोन्ही समजावणारा माणूस दिसला की मी हळूच दुसरी रेघ दाखवते.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट थोडी जास्त जवळची वाटेल. आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. माझी पणजी तिथे दूध घालायची. लहानपणी 'पोलंडची माणसं' हे शब्द मी ऐकले होते, पण ती कुठली, का आली, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती क्रेसीची होती. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती पंचगंगेच्या काठी पोचली. युद्ध संपलं तेव्हा परत जायला त्यांची गावंच पोलंडमध्ये राहिली नव्हती. काही इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलियाला, आणि जी पोलंडला परतली त्यांतल्या अनेकांना इथेच, या नारिंगी पट्ट्यात, जर्मनांनी सोडलेली घरं मिळाली. छावणीच्या जागी नंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. मी कोल्हापूरची म्हटल्यावर आजींच्या चर्चमधल्या एका बाईंनी माझा हात धरून "वालिवादे!" म्हटलं होतं. तेव्हापासून हा नकाशा मला परका वाटत नाही.

गालिशिया इतकी निळी का

आग्नेयेचा कोपरा, झेशूफच्या भोवतालचा पोडकार्पात्स्की प्रांत, नकाशावर सर्वांत गडद असतो. २०२० आणि २०२५ दोन्ही वेळा तिथे पिसच्या बाजूला सुमारे ७० टक्के मतं गेली. 'मागास आहेत म्हणून' हे उत्तर शहरातल्या पार्ट्यांमध्ये सहज दिलं जातं. ते चुकीचं आहे आणि त्याने माणसं दुखावतात. देशाचं 'पोलंड अ' आणि 'पोलंड ब' असं वाटप करणारा शब्दप्रयोग तुम्हाला जागोजागी भेटेल. तो वापरू नका. झेशूफच्या आसपास आज विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची रांग आहे.

खरं कारण बघायचं तर ऑस्ट्रियाच्या राजवटीकडे बघा. १८६० च्या दशकानंतर व्हिएन्नाने गालिशियाला स्वायत्तता दिली. शाळा, कचेऱ्या, क्राकूफचं विद्यापीठ, सगळं पोलिश भाषेत चालू लागलं. गरिबी भीषण होती, पण शेतकऱ्याला संघटना करता येत होती. पहिला मोठा शेतकरी पक्ष १८९५ साली झेशूफमध्येच स्थापन झाला. १९०७ पासून तिथला प्रत्येक प्रौढ पुरुष व्हिएन्नाच्या संसदेसाठी मत देत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इथला पोलिश शेतकरी बहुतांशी जागेवरच राहिला. लहान लहान खाचरं, घरची जमीन, तेच चर्च, तीच दफनभूमी, तीच आडनावं. कम्युनिस्ट राजवटीलाही ही वीण फारशी उसवता आली नाही. अशा ठिकाणी गाव, धर्म आणि राष्ट्र यांना एकत्र बांधणारा पक्ष घरचा वाटतो. आपल्याकडे जिथे साखर कारखाना, देवस्थान आणि भावकी एकाच पारावर बसतात तिथलं मतदान ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जिथे रेघ मोडते तिथे थांबा

नकाशा वाचण्याचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक लेख इथे येण्याआधीच संपतात. तुमच्या दोन रेघा ओढून झाल्या की चुकीच्या बाजूला असलेले तुकडे शोधा आणि प्रत्येकाचं नाव काढा.

निळ्या पूर्वेत बेलारूसच्या सीमेजवळ एक नारिंगी डाग दिसेल, हायनुफका. तिथे ऑर्थोडॉक्स पंथाचे, बेलारूसी मुळाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. पोलिश राष्ट्र म्हणजे कॅथलिक राष्ट्र, ही भाषा ऐकली की त्यांना आपण बाहेरचे ठरतोय असं वाटतं, म्हणून ते दुसरीकडे मत देतात. त्याच प्रांताच्या वरच्या टोकाला पुइन्स्क ही लिथुआनियन लोकांची ग्मिना, तिथेही २०२० मध्ये त्शास्कोव्स्कीच पुढे होते. रशियाकडचा मुलूख असूनही नारिंगी. रेघेपेक्षा इथे कोण बहुसंख्य आणि कोण अल्पसंख्य हा प्रश्न मोठा ठरतो.

मग कातोवित्सेजवळ या. मिस्वोवित्सेपाशी पांढरी आणि काळी प्शेम्शा या नद्यांच्या संगमावर तिन्ही साम्राज्यांच्या सीमा भेटत. त्या जागेला अजून 'तीन सम्राटांचा कोपरा' म्हणतात. मी एका रविवारी मुद्दाम गेले होते. हिरवं पाणी, वर रेल्वेचा पूल, बस. प्रशियाकडचं कातोवित्से आणि रशियाकडचं सोस्नोव्येत्स आज एका तिकिटात, ट्रामने जोडलेलं. दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही, विनोद आणि टोमणे शंभर वर्षांचे. पण सोस्नोव्येत्स रशियाकडचं असूनही निळं नाही. कोळसा, पोलाद, कामगार चळवळ: हा भाग पिढ्यांपासून डाव्यांचा. म्हणजे खाण आणि गिरणी साम्राज्याच्या सीमेला पुरून उरली. शिवाय आजच्या सिलेशिया प्रांतात प्रशियाचं कातोवित्से, रशियाकडचं चेंस्तोहोवा आणि ऑस्ट्रियाचं झिव्येत्स तिन्ही येतात. प्रांताची सरासरी इथे काही सांगू शकत नाही ते याचसाठी.

मोठी शहरं तर सगळीकडेच अपवाद. क्राकूफ गालिशियाचं हृदय, दुदांचं गाव, पण २०२० मध्ये शहराने त्यांना नाकारलं. नाव्रोत्स्की ग्दान्स्कचे, आणि ग्दान्स्कने २०२५ मध्ये त्शास्कोव्स्कींना भरघोस मतं दिली. 'आपला माणूस' हा मुद्दा इथे दुसऱ्या फेरीत फारसा चालत नाही. म्हणून शहरं काढून टाकून फक्त ग्रामीण ग्मिनांचा तिसरा नकाशा करा. रेघ अजून दिसते का? दिसते, पण फिकट. पश्चिमेतही कितीतरी खेडी निळी होतात. तेव्हा कळतं की नारिंगी पट्टीचा काही भाग इतिहासाचा आहे आणि काही भाग फक्त शहरांचा.

मतदानाच्या टक्केवारीचे दोन सापळे

ओपोले प्रांतात मतदान बहुतेक वेळा देशात सर्वांत कमी पडतं. तिथले लोक उदासीन आहेत असं लिहू नका. तिथे जर्मन अल्पसंख्याक आणि मूळचे सिलेशियन राहतात, आणि यादीत नाव असलेली बरीच माणसं वर्षानुवर्षं जर्मनीत कामाला असतात.

उलट समुद्रकाठच्या क्रिनित्सा मोर्स्का, रेवाल अशा छोट्या ग्मिनांत उन्हाळ्यात मतदान आभाळाला भिडतं. घरापासून दूर असलेल्या मतदाराला दाखला घेऊन कुठेही मत देता येतं, आणि २०२० ची दुसरी फेरी १२ जुलैला, ऐन सुट्टीत होती. तिथे जी मतं मोजली गेली त्यांतली पुष्कळ वॉर्सा-पोझनानच्या पर्यटकांची होती. कोळ्यांच्या गावाचा कौल म्हणून ती वाचलीत तर फसाल.

आणि निकालाच्या रात्री घाई नको. लहान गावांतल्या केंद्रांची मोजणी लवकर संपते, मोठ्या शहरांची आणि परदेशातली मतं उशिरा येतात. एक्झिट पोलमध्ये दोन उमेदवारांत अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर तो फरक नाहीच असं धरा. १ जूनच्या रात्री हे साऱ्या देशाने अनुभवलं.

मागे जाऊन बघा

एकच निवडणूक वाचून थांबू नका. १९९५ ची दुसरी फेरी उघडा: लेख वाउएन्सा, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतले लेक वालेसा, विरुद्ध जुन्या कम्युनिस्ट पक्षातून आलेले अलेक्सांदेर क्वाश्न्येव्स्की. क्वाश्न्येव्स्की ५१.७२ टक्क्यांनी जिंकले. गालिशिया वाउएन्सांच्या मागे उभी, आणि आजचा नारिंगी पश्चिम-उत्तर पट्टा मोठ्या प्रमाणात क्वाश्न्येव्स्कींकडे. दहा वर्षांनी, २००५ मध्ये पिसचे लेख काचिन्स्की विरुद्ध नागरी मंचाचे डोनाल्ड टुस्क, तेव्हा तोच पट्टा टुस्ककडे वळला. पक्ष बदलले, विचारही बदलले, एक डावा तर दुसरा बाजारपेठवाला, पण माणसं जवळपास तिथेच. मला यातून एवढंच दिसतं की त्या पट्ट्यातला मतदार अमुक पक्षाला बांधलेला नाही. चर्च आणि जुनं राष्ट्र यांच्या नावाने हाक मारणारा त्याला तितकासा आपला वाटत नाही. पण गडद निळ्या ग्मिनातही दहातले दोघे-तिघे दुसरीकडे मत देतात, आणि आजींच्या जिन्यात, व्रोत्सवाफच्या मधोमध, वरच्या मजल्यावरचे काका प्रत्येक वेळी पिसला. रंग ग्मिनाचा असतो, दारावरच्या पाटीचा नाही.

छापताना

नकाशा झाला की ए-थ्री कागदावर छापा, पडद्यावर पाहून समाधान मानू नका. मी २०२५ चा नकाशा छापून आजींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून व्रोत्सवाफ शोधलं, मग बहिणीचं गाव, मग प्शेमिश्ल, जिथून त्यांची गाडी सीमा ओलांडून आली होती. तिथून बोट आणखी उजवीकडे सरकलं, कागदाच्या कडेवरून खाली उतरलं आणि टेबलाच्या मेणकापडावर थांबलं. "आणि हे इथे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी पूर्वेला चार बोटं कोरी जागा सोडते आणि तिच्यात ल्वूव आणि विल्नो हे दोन ठिपके देते. त्यांना रंग देत नाही, नुसती नावं लिहिते.